वाचकांचे प्रश्न : कोणी न तपासायची वही

मागच्या अंकात दहावीच्या मुलांच्या चिडचिडीविषयी लिहिताना 'मुलांना रोजनिशी लिहायला सुचवून पाहा' असे एक वाक्य मी जाता जाता लिहून गेले होते. त्या एका वाक्यावर इतकी पत्रे आली, की या वेळचे सदर त्याच विषयाला द्यावे असे ठरवले. पत्रे बहुतेक ठाणे आणि नवी मुंबई परिसरातली आहेत. नेहमीप्रमाणे नावे वगळली असून मजकूर थोडक्यात दिला आहे.

प्रश्न : माझा मुलगा नववीत आहे. तुमचे वाचून मी त्याला वाशीहून छान कापडी बांधणीची, छोटे कुलूप असलेली डायरी आणून दिली. चार दिवस त्याने लिहिले आणि पाचव्या दिवसापासून पाने कोरी आहेत. मी रोज रात्री आठवण करते, तर तो चिडतो. 'डायरी मुली लिहितात,' असेही म्हणाला. त्याला ही सवय कशी लावावी?
— एक आई, कोपरखैरणे

उत्तर : सर्वांत आधी रोज रात्रीची आठवण थांबवावी. नववीतल्या मुलाच्या दप्तरात कोणकोणत्या वह्या असतात ते एकदा पाहा. वर्गपाठाची वही बाई तपासतात, गृहपाठाची क्लासचे सर तपासतात, विज्ञानाच्या जर्नलवर प्रत्येक प्रयोगाखाली सही लागते. आणि 'डायरी' म्हणून जी वस्तू तो पहिलीपासून ओळखतो, ती म्हणजे शाळेची डायरी, जिच्यात वर्गशिक्षिकेचा शेरा येतो आणि ज्याखाली तुमची सही घेऊन जावे लागते. 'डायरी घेऊन इकडे ये' या वाक्याने ज्या मुलाच्या पोटात आठ वर्षे गोळा आला आहे, त्याला आपण डायरीच भेट देतो आणि वर रोज 'लिहिलीस का?' असे विचारतो. मग त्याच्या दृष्टीने हा आणखी एक विषय होतो, तोही गुण नसलेला.

दुसरी अडचण त्या सुंदर डायरीतच असावी. तिच्या पानांवर तारखा छापलेल्या असतील, तर चार दिवस राहून गेले की चार कोरी पाने दररोज समोर उभी राहतात आणि पाचव्या दिवशी लिहिण्याआधीच अपराधी वाटू लागते. शिवाय सुंदर वहीत माणूस सुंदरच लिहू पाहतो, आणि रोज सुंदर लिहिण्यासारखे नववीत काही घडत नाही. स्टेशनरीच्या दुकानातली एकेरी रेघांची शंभर पानी वही आणावी. तारीख त्याची त्याने घालावी. मध्ये आठ दिवस गेले, तरी आठव्या दिवसाची नोंद आदल्या नोंदीच्या लगेच खाली येते आणि वही काही तक्रार करत नाही. कुलपाचे म्हणाल, तर ते टाचणीने उघडते हे तुमच्याइतकेच त्यालाही ठाऊक आहे. सिडकोच्या लहान घरात त्याला वेगळी खोली देणे शक्य नसेल; पण कपाटाचा एक खण त्याचा, त्याची किल्ली एकच आणि ती त्याच्याकडे, एवढे बहुतेक घरांत जमते. आवरण्याच्या निमित्तानेही तो खण कोणी उघडू नये.

काय लिहावे हे मात्र सांगावे लागते. 'आज काय झाले ते लिही' असे सांगितले, की तिसऱ्या दिवशी 'शाळा, क्लास, जेवण, झोप' यापुढे मजकूर सरकत नाही. दिवसातली एकच लहान गोष्ट लिहायला सांगावी. माझ्या परिचयातल्या एका नववीच्या मुलाने आपल्या वहीतले एक पान मला आपणहून दाखवले होते आणि ते इथे देण्यास त्याची हरकत नाही : 'शेअर रिक्षात शेजारच्या आजींच्या पिशवीत मेथी होती. सगळ्या रिक्षाला वास. आजी उतरल्या तरी वास राहिला. मला एकदम आजोळची आठवण आली आणि रडायला आले. कशाला ते कळले नाही.' पाच ओळी आहेत. एखाद्या निबंधात 'माझे आजोळ' या मथळ्याखाली हा मुलगा आंब्याची झाडे आणि प्रेमळ आजी लिहून मोकळा झाला असता. मेथीची पिशवी वहीत आली, कारण ती वही कोणी पाहणार नव्हते.

काहींना कोणाला तरी उद्देशून लिहिणे सोपे जाते. दुसऱ्या महायुद्धात नाझींपासून लपून राहावे लागलेल्या अ‍ॅन फ्रँक या ज्यू मुलीला तिच्या तेराव्या वाढदिवसाला, १२ जून १९४२ रोजी, वही मिळाली आणि तिने 'किटी' नावाची एक मैत्रीण कल्पून तिला पत्रे लिहावीत तसे लिहिले. तुमच्या मुलाला मैत्रीण नको असेल, तर क्रिकेटपटू चालेल, गावी राहिलेला कुत्रा चालेल.

आणि डायरी मुली लिहितात या समजुतीला वाद घालून उत्तर मिळणार नाही. घरात कोण लिहिते हे तो पाहतो. तुमच्या स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर दुधाचे खाडे, गॅस लावल्याची तारीख, बाईंची रजा हे सगळे तुम्ही लिहीत असणारच; ती एका परीने तुमची रोजनिशीच आहे. त्याच्या वडिलांनी रात्री जेवणानंतर दहा मिनिटे स्वतःची वही उघडून बसावे, मुलाला काहीही न सुचवता. मुलाला सांगण्यापेक्षा हे अवघड आहे, याची मला कल्पना आहे.

प्रश्न : मी आठवीची वर्गशिक्षिका आहे. वर्गात ५४ मुले आहेत. शनिवारी एका तासिकेत रोजनिशी लेखनाचा उपक्रम सुरू करावा, आठवड्याला वह्या तपासाव्यात आणि महिन्याच्या शेवटी उत्कृष्ट रोजनिशीला बक्षीस द्यावे, असा विचार आहे. आपले मत काय?
— एक शिक्षिका, कळवा

उत्तर : शनिवारची तासिका जरूर ठेवा, तपासणी आणि बक्षीस दोन्ही नकोत. बक्षीस लागले, की दुसऱ्या महिन्यापासून ५४ मुले बक्षीस मिळेल अशी रोजनिशी लिहू लागतील आणि तुम्हाला ५४ सुविचार वाचायला मिळतील.

आपल्याकडच्या 'रोजनिशी' या शब्दालाच थोडी सरकारी दप्तराची सवय आहे, हे खरे. त्यातला 'निशी' फारसीतल्या 'नवीस', म्हणजे लिहिणारा, या शब्दाकडून आलेला आहे. चिटणीस आणि फडणीस हे त्याच घरातले. पेशव्यांच्या रोजनिश्या छापलेल्या आहेत आणि त्यांत हुकूम, नेमणुका, सनदा यांच्या नोंदी आहेत. म्हणजे रोजचे लिहायचे ते वरच्याला दाखवण्यासाठी, ही रीत जुनीच. मुलांच्या वहीत ती मोडायची आहे.

माझी सूचना अशी, की तासिकेतली पंधरा मिनिटे वर्गाने लिहावे आणि तुम्हीही आपल्या टेबलाशी बसून लिहावे. हजेरीपट किंवा मासिक पत्रक भरू नये, कारण मुलांना पेनाच्या हालचालीवरून तेवढे ओळखता येते. लिहून झाल्यावर वही दप्तरात जावी. कोणाला वाचून दाखवायचे असेल तर त्याने हात वर करावा. पहिले तीन-चार शनिवार कोणी हात वर करणार नाही. त्या शांततेला घाबरून कोणाचे नाव घेऊ नये. भाषा जी येईल ती असू द्यावी. तुमच्या वर्गात घरी आगरी बोलणारी मुले असतील, खानदेशातून आलेली असतील, हिंदी बोलणारीही असतील, आणि ज्या भाषेत मूल भांडते ती भाषा वहीत उतरली तरच त्या वहीत काही खरे येते. ऱ्हस्वदीर्घासाठी सोमवार ते शुक्रवार आहेत.

एका गोष्टीत मात्र सावध असावे. कधीतरी एखादे मूल आपणहून वही तुमच्या हातात ठेवील आणि 'बाई, कोणाला सांगू नका' म्हणेल. असे वचन देऊ नये. २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या १९ व्या कलमानुसार, बालकावर लैंगिक अत्याचार झाल्याची माहिती ज्याला मिळते त्या प्रत्येकाला ती स्थानिक पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणे बंधनकारक आहे. मुख्याध्यापकांच्या कानावर घातले की आपले काम झाले, असे शिक्षकाला म्हणता येत नाही. १०९८ हा मुलांसाठीचा मदतक्रमांक वर्गाच्या फळ्याशेजारी लावलेला असावा. पहिल्याच शनिवारी वर्गाला सांगून टाकावे : 'तुमच्या वह्या मी वाचणार नाही. पण तुम्ही मला दाखवलेत आणि कोणी तुम्हाला इजा करत आहे असे मला कळले, तर मी गप्प बसणार नाही.' मुलांना हा भेद नीट कळतो.

प्रश्न : माझी मुलगी दहावीत आहे. महिन्यापूर्वी गादी झटकताना तिची वही सापडली आणि मी ती वाचली. 'आईला मी फक्त मार्कांसाठी हवी आहे' असे त्यात आहे. वर्गातल्या एका मुलाविषयी पाच-सहा पाने आहेत. एका ठिकाणी 'कुठेतरी निघून जावेसे वाटते' असेही लिहिले आहे. तिला हे माहीत नाही, तिच्या वडिलांना मी सांगितलेले नाही. मला नीट झोप लागत नाही. तिला सांगावे का? की काहीच घडले नाही असे वागावे?
— एक आई, घोडबंदर रस्ता

उत्तर : तुमच्या पत्रात दोन प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत आणि त्यांतला एक तातडीचा आहे.

निघून जावेसे वाटणे पंधराव्या वर्षी बहुतेकांच्या मनात येऊन जाते. त्या वयात मलाही शेगावला मावशीकडे कायमचे जायचे होते. त्याच वाक्याजवळ मरणाची भाषा असेल, स्वतःला इजा केल्याचा उल्लेख असेल, तारीख किंवा पद्धत ठरवल्यासारखे लिहिलेले असेल, कोणाचा निरोप घेतल्यासारखा सूर असेल, किंवा ती आपल्या आवडत्या वस्तू मैत्रिणींना वाटू लागली असेल, तर गुपिताची पर्वा न करता त्याच दिवशी तिच्याशी बोलावे, तिला एकटे ठेवू नये आणि मनोविकारतज्ज्ञांकडे न्यावे. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास विनामूल्य चालतो आणि तिथे मराठीत बोलता येते. तुम्ही लिहिलेल्या मजकुरावरून तसे वाटत नाही. तरीही 'तुझ्या मनात जीव द्यायचे विचार येतात का?' हे एकदा सरळ शब्दांत विचारणे योग्य. विचारल्याने तो विचार मुलाच्या डोक्यात शिरतो, ही भीती निराधार आहे.

आता दुसरा प्रश्न. वाचायला नको होते, हे तुम्हाला माहीत आहे. मी त्यावर वेगळे काही बोलत नाही. मी नववीत असताना माझी वही घरातल्या एका मोठ्या माणसाने जेवणाच्या पंगतीत मोठ्याने वाचून दाखवली होती, केवळ गंमत म्हणून. सगळे हसले, मीही हसले. त्यानंतर सहा वर्षे मी एक अक्षर स्वतःसाठी लिहिले नाही, आणि ज्याने वाचले त्याला तो प्रसंग आठवतसुद्धा नाही. तुम्ही निदान एकटीने वाचले आणि झोप घालवून बसला आहात.

अ‍ॅन फ्रँकचे नाव वर आलेच आहे, म्हणून तिच्या वहीची पुढची हकीकत सांगते. ४ ऑगस्ट १९४४ रोजी ती आणि तिचे कुटुंब पकडले गेले. त्या लपलेल्या कुटुंबाला मदत करणाऱ्या मीप गीस यांनी जमिनीवर विखुरलेली तिची पाने गोळा करून आपल्या टेबलाच्या खणात ठेवली. त्यांनी ती वाचली नाहीत. अ‍ॅन परत आली की तिला द्यायची म्हणून ठेवली होती. १९४५ मध्ये ती वारल्याचे कळल्यावर त्यांनी ती पाने तिच्या वडिलांच्या हाती दिली. आपण वाचले असते तर ते सारे जाळून टाकावे लागले असते, कारण मदत करणाऱ्यांची नावे त्यात होती, असे त्यांनी पुढे सांगितले. न वाचल्यामुळे एखादी वही जगल्याचे याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही.

मुलीला सांगावे का? सांगावे. तुम्ही गप्प राहिलात, तरी जे वाचले ते तुमच्या बोलण्यातून कधीतरी बाहेर पडणारच. एखाद्या संध्याकाळी मार्कांवरून वाद होईल आणि 'मला तू फक्त मार्कांसाठी हवी आहेस असे वाटते ना तुला?' हे वाक्य तोंडून निसटेल. त्या क्षणी तिला सगळे कळेल, तेही सर्वांत वाईट रीतीने.

सांगताना दोघीच असाव्यात आणि शक्यतो समोरासमोर बसलेल्या नसाव्यात. क्लासहून परत येताना चालत या, किंवा उपवन तलावाच्या काठाने एक फेरी मारा. शेजारी शेजारी चालताना अवघड बोलणे सोपे होते. वाक्ये थोडी असावीत : 'तुझी वही मी वाचली. मी ती वाचायला नको होती. पुन्हा वाचणार नाही.' एवढेच. यापुढे 'पण' आला, 'पण आईला काळजी वाटते', 'पण तू असे कसे लिहिलेस', की ती क्षमायाचना राहत नाही, जबानी घेणे होते. मजकुराविषयी एक शब्दही काढू नये. ती रडेल, ओरडेल, दोन दिवस बोलणार नाही. कदाचित वही फाडून टाकील. फाडू द्यावी, ती तिची आहे. तिच्या वडिलांना काय आणि किती सांगायचे हे तिलाच विचारावे.

'फक्त मार्कांसाठी' हे वाक्य तुम्हाला लागले असणार. त्याचे वजन करताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. १९८६ मध्ये जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील या मानसशास्त्रज्ञांनी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटे, आयुष्यातल्या क्लेशकारक प्रसंगाविषयी लिहायला सांगितले. प्रसंग आणि भावना असे दोन्ही लिहिणाऱ्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या पुढच्या काही महिन्यांत इतरांपेक्षा कमी झाल्या. मात्र लिहून उठल्यावर लगेच त्यांची मनःस्थिती आधीपेक्षा वाईटच होती. पुढे असे पुष्कळ अभ्यास झाले आणि एकूण फायदा लहानच निघाला, तेव्हा डायरी हे औषध आहे असे मी म्हणणार नाही. पण लिहिताना मन खाली जाते आणि नंतर वर येते, आणि वहीत उतरतो तो त्या खालच्या पंधरा मिनिटांचा मजकूर. दुसऱ्या दिवशी सकाळी ती तुमच्या हातचे थालीपीठ खाऊन हसत शाळेत गेली असेल, तर त्याची नोंद वहीत नसते. म्हणून ते वाक्य तुमच्यावरचा निकाल समजू नये. मात्र ते एका रात्रीपुरते तरी खरे होते, तेव्हा महिनाभर 'किती पडले?' हा प्रश्न न विचारता राहून पाहावे.

मुलाविषयीच्या पाच-सहा पानांबद्दल काहीही करायचे नाही. ती पंधरा वर्षांची आहे.

प्रश्न : मी अकरावीत आहे. मी फोनमध्ये लिहिते, मराठी आणि इंग्रजी मिसळून, इंग्रजी अक्षरांत. मैत्रीण म्हणते ही खरी डायरी नाही. दुसरे म्हणजे, मी महिनाभर एकाच व्यक्तीवरचा राग लिहीत आहे आणि लिहिल्याने तो कमी होण्याऐवजी वाढतो असे वाटते. लिहिणे सोडून देऊ का?
— एक विद्यार्थिनी, नेरूळ

उत्तर : मैत्रिणीचे मनावर घेऊ नकोस. ज्या लिपीत तुझा हात धावतो ती तुझी डायरी. फोनबद्दल एवढेच पाहून ठेव, की तुझे खाते घरातल्या दुसऱ्या फोनवर किंवा बाबांच्या लॅपटॉपवर उघडलेले नाही ना. तसे असेल, तर इथे लिहिलेले तिथे आपोआप उमटते आणि कोणी मुद्दाम न शोधताही वाचले जाते. मला स्वतःला कागद बरा वाटतो, कारण लिहिता लिहिता त्यावर मैत्रिणींचे निरोप येत नाहीत. पण ही माझ्या वयाची आवड आहे.

रागाचे तुझे निरीक्षण बरोबर आहे. तीच तक्रार त्याच शब्दांत रोज लिहिली, की ती घोटवल्यासारखी पक्की होते. वर ज्या पेनेबेकरांचा उल्लेख आला त्यांना पुढे असे आढळले, की ज्यांच्या लिहिण्यात दिवसागणिक 'कारण', 'म्हणून', 'आता लक्षात आले' अशा अर्थाचे शब्द वाढत गेले, त्यांना लिहिण्याचा उपयोग अधिक झाला. तेव्हा चार दिवस त्या व्यक्तीविषयी काहीच लिहू नकोस. नेरूळ ते ठाणे गाडीत दिसणाऱ्या माणसांवर लिही. पाचव्या दिवशी तोच प्रसंग 'मी' न वापरता, 'ती मुलगी' म्हणून लिहून पाहा. 'ती मुलगी' काय बोलली, समोरच्याने काय ऐकले असेल, हे लिहिताना पेन एक-दोन ठिकाणी अडेल. तिथे थांबून दोन ओळी जास्त लिही. त्यानंतरही राग तेवढाच राहिला, तर ती बाब वहीत मावणारी नाही असे समजावे आणि विश्वासातल्या एखाद्या मोठ्या माणसाशी बोलावे.

प्रश्न : माझे वय ७६. १९७१ पासूनच्या माझ्या डायऱ्या माळ्यावर आहेत. त्यांत खर्च, गाड्यांच्या वेळा, कोण आले-गेले एवढेच आहे. सोबत नमुन्यादाखल एक पान पाठवत आहे. नातू आठवीत आहे. या डायऱ्या त्याला दिल्या तर त्याला लिहिण्याची गोडी लागेल का?
— एक आजोबा, नौपाडा

उत्तर : पन्नास डायऱ्यांचा गठ्ठा दिलात तर लागणार नाही. एक द्यावी, तीही देऊ नये. तुमच्या खुर्चीजवळ उघडी राहू द्यावी. तुम्ही पाठवलेल्या पानावर लिहिले आहे : '९ मे १९७४, गुरुवार. संप. गाडी नाही. ऑफिसला गेलो नाही. दुपारी कैरीची डाळ, दोनदा घेतली.' रेल्वे कामगारांचा तो देशव्यापी संप आदल्याच दिवशी, ८ मे रोजी, सुरू झाला होता आणि पुढे जवळजवळ तीन आठवडे चालला. आठवीतल्या मुलाने इतिहासाच्या पुस्तकात संप हा शब्द वाचलेला असतो. पण संपाच्या दिवशी आजोबांनी कैरीची डाळ दोनदा घेतली, हे त्याला तुमच्याकडूनच कळणार. तो विचारील, 'कसला संप?' त्यावर तुम्ही जे सांगाल ते त्याच्या वहीत जाईल किंवा जाणारही नाही.

माळ्यावरून खाली आणण्यापूर्वी मात्र सगळ्या डायऱ्या स्वतः एकदा चाळाव्यात. 'कोण आले-गेले' या सदरात कधी कधी आलेल्या माणसाविषयी मतही लिहिलेले असते, आणि ती माणसे अजून येत-जात असतात.

तुमचे पान टपालाने परत पाठवत आहे. त्याची झेरॉक्स काढलेली नाही.